सभेची खबर पाड्यापर्यंत

आपल्या त्रैमासिकाचे बरेच वाचक गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत राहतात. सभेची सूचना त्यांना नवी नाही. सोसायटीच्या फलकावर कागद लागतो. त्यावर तारीख, वेळ, जागा आणि सभेपुढचे विषय लिहिलेले असतात. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना चौदा दिवस आधी सभासदांच्या हाती पडली पाहिजे, असे सोसायट्यांचे आदर्श उपविधी सांगतात. एरवी त्या कागदाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. विषय पुनर्विकासाचा असला की मात्र चित्र पालटते. सूचना मिळाली की नाही, कोणाला मिळाली, सही कोणी घेतली, यावरून रात्र रात्र चर्चा होते. घर जाणार की राहणार हे ज्या सभेत ठरायचे, त्या सभेची खबर आपल्याला वेळेवर मिळालीच पाहिजे, याबद्दल कोणाच्याही मनात शंका नसते.

लालबाग-परळच्या जुन्या रहिवाशांना आणखी एक प्रकार ठाऊक आहे. कोकणातल्या गावोगावच्या ग्रामस्थ मंडळांनी इथल्या चाळींत गावकीच्या खोल्या घेतल्या होत्या. गिरणीत काम करणारा माणूस तिथे राहायचा आणि गावच्या देवळाचा, शाळेचा, रस्त्याचा विषय तिथेच बसून ठरवायचा. गावात सभा झाली की तिचा वृत्तान्त पोस्टकार्डाने मुंबईला यायचा आणि मुंबईकरांचे म्हणणे उलट टपाली गावी जायचे. गाव दोनशे-तीनशे किलोमीटर दूर असूनही त्याचा कारभार मुंबईच्या माणसाला कळत असे, कारण कळवण्याची एक रीत ठरलेली होती.

या लेखात अशाच कळवण्याच्या रीतीविषयी सांगायचे आहे. आपण ज्या भागांत काम करतो, त्या पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी, वाडा या पट्ट्यात गावच्या आणि छोट्या शहराच्या कारभाराची खबर पाड्यावरच्या माणसापर्यंत कशी पोचते, कुठे अडते आणि अडली म्हणजे त्याचे काय जाते, हे वाचकांनी नीट समजून घ्यावे असे वाटते. शाळेचे दप्तर, आरोग्य शिबिर, विहिरीची दुरुस्ती ही कामे आपल्याला चटकन दिसतात. पण विहीर कुठे खोदायची, हे ज्या सभेत ठरते तिथे विहिरीवरून पाणी वाहणारी बाई हजर होती का, हा प्रश्नही तितकाच आपल्या कामाचा आहे.

कायद्याने काय दिले आहे

२४ एप्रिल १९९३ रोजी ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. गावच्या मतदार यादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सदस्य असतो. त्यासाठी कोणी निवडून यावे लागत नाही. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी त्या घेण्याचा प्रघात आहे. सभेची नोटीस सात दिवस आधी निघाली पाहिजे आणि दवंडी दिली गेली पाहिजे. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेतली जावी, अशीही तरतूद आहे.

अनुसूचित क्षेत्रासाठी याच्या पुढचे पाऊल २४ डिसेंबर १९९६ रोजी पडले. त्या दिवशी ज्याला आपण सगळे पेसा म्हणतो तो कायदा आला. महाराष्ट्रातल्या तेरा जिल्ह्यांमध्ये असे अनुसूचित क्षेत्र आहे आणि वर सांगितलेला सगळा पट्टा त्यात येतो. पेसाने गावाची व्याख्याच बदलली. महसूल खात्याच्या नकाशातले गाव एक असते आणि त्यात पाच-सात पाडे विखुरलेले असतात. पेसा सांगतो की परंपरेने आणि रूढीने आपला कारभार एकत्र चालवणारी वस्ती, मग तो एखादा पाडा का असेना, तेच गाव आणि त्याची स्वतंत्र ग्रामसभा. महाराष्ट्राने २०१४ मध्ये याचे नियम केले. आपला पाडा स्वतंत्र गाव म्हणून जाहीर व्हावा असा ठराव पाड्याने करायचा आणि तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पाठवायचा, अशी वाट त्यात आखून दिली आहे.

या ग्रामसभेचे अधिकार नावापुरते नाहीत. विकासाच्या योजनांना आधी तिची मान्यता लागते. कोणत्या कुटुंबाला कोणत्या योजनेचा लाभ द्यायचा, ती नावे तिने निवडायची असतात. पैसे खर्च झाल्यावर ते योग्य कामी लागले, हा दाखलाही तिच्याकडून घ्यायचा असतो. जमीन संपादन करण्यापूर्वी तिच्याशी विचारविनिमय करावा लागतो. २०१५ पासून राज्याच्या आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला. तो कशावर खर्च करायचा हेही ग्रामसभेने ठरवायचे आहे. याला अबंध निधी म्हणतात. म्हणजे वरून अमुकच काम करा असे बंधन घालून तो येत नाही, नेमून दिलेल्या विषयांत राहून गावाने आपली गरज पाहून तो वापरायचा असतो.

इतके सगळे हाती असताना पाड्यावरचा माणूस अनेकदा म्हणतो, ‘सभा कधी झाली ते आम्हाला कळलेच नाही.’ या एका वाक्यापुढे वरचे सगळे अधिकार कागदावर राहतात.

खबर कुठे अडते

पहिली अडचण अंतराची. आपल्याकडच्या बऱ्याच ग्रामपंचायती गट ग्रामपंचायती आहेत. कार्यालय एका गावात असते आणि टोकाचा पाडा तिथून डोंगर आणि ओढा ओलांडून कोसभर लांब असतो. नोटीस कार्यालयाच्या भिंतीवर लागते. नियम पाळला गेला असे दप्तरात दिसते. पण पाड्यावरचा माणूस त्या भिंतीसमोरून जातच नसेल तर त्या कागदाचा त्याला काय उपयोग? दवंडी गावठाणात फिरते आणि तिचा आवाज पाड्यापर्यंत जात नाही.

दुसरी अडचण दिनदर्शिकेची. मुंबईत बसून ती सहसा लक्षात येत नाही. दिवाळी झाली, भात घरात आले की पाडे रिकामे होऊ लागतात. माणसे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. पोरेबाळेही बरोबर जातात. ती परत येतात ती पावसाच्या तोंडावर. आता सभेचे चार दिवस पाहा. २६ जानेवारीला निम्मा पाडा भट्टीवर असतो. १ मेलाही पुष्कळ जण परतलेले नसतात. १५ ऑगस्टला शेतात निंदणी चालू असते आणि २ ऑक्टोबरला हळव्या भाताच्या कापणीची घाई सुरू होत असते. चारही दिवस राष्ट्राच्या दृष्टीने मोठे आहेत, पण भात लावणाऱ्या आणि वीट थापणाऱ्या माणसाच्या वर्षात ते सोयीचे बसत नाहीत.

तिसरी अडचण भाषेची. घरात वारली, कोकणा, ठाकरी किंवा कातकरी बोली चालते आणि नोटीस असते सरकारी मराठीत. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’, ‘आराखड्यास मंजुरी देणे’, ‘प्राप्त अनुदानाच्या विनियोगाबाबत चर्चा करणे’. दादरच्या पदवीधरालाही यातले शब्द एकदा थांबून वाचावे लागतात. यात गुंतागुंतीचे असे काही नाही. इतिवृत्त म्हणजे गेल्या सभेत काय बोलले गेले आणि काय ठरले, त्याची लेखी नोंद. कायम करणे म्हणजे ती नोंद खरी आहे असे सगळ्यांनी मान्य करणे. आराखडा म्हणजे येत्या वर्षात कोणती कामे करायची त्याची यादी. विनियोग म्हणजे आलेला पैसा कुठे लावला. ‘गेल्या वेळी काय ठरले होते, या वर्षी काय करायचे आणि पैसे कुठे गेले, हे बोलायला या’ असे सांगितले तर येणारी माणसे वाढतील.

चौथी अडचण गणपूर्तीची. सर्वसाधारण ग्रामसभेला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी माणसे हजर लागतात. चारशे मतदारांचे गाव असेल तर साठ. तितकी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, म्हणजे पुढे ढकलली जाते. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते. पहिल्या सभेची खबरच धड पोचली नाही आणि तहकूब सभेची तर मुळीच नाही, तर थोडक्या माणसांत सगळे ठराव होऊन जातात. यात कोणी लबाडी केली असेलच असे नाही. खबर न देण्याच्या सवयीमुळे एवढे आपोआप घडते.

खबर वरून खाली पोचत नाही, तशी ती खालून वरही जात नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा मुंबईच्या वर्तमानपत्रांतून हे नाव सगळ्या महाराष्ट्राला कळले. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावरच्या पाड्यांची अवस्था इतक्या उशिरा आणि इतक्या दुःखद रीतीने कळावी, हे ज्यांना आठवते त्यांना सभेच्या नोटिशीसारखा विषय क्षुल्लक वाटणार नाही. पाड्याचे म्हणणे नियमाने लिहून घेणारी आणि वर पोचवणारी जागा हवी असते. ग्रामसभा ही तशी जागा आहे.

गावाचे शहर झाले, आणि सभा गेली

आता छोट्या शहरांकडे येऊ. जव्हार हे महादेव कोळी समाजातल्या मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी होते. तिथली नगरपरिषद १९१८ सालची आहे. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, नगरपरिषद मात्र राहिली आणि तिने शंभरी पार केली. डोंगरातल्या एका आदिवासी संस्थानाच्या गावाला इतका जुना नगर कारभार लाभावा, ही अभिमानाची गोष्ट आहे.

मोखाडा, विक्रमगड, तलासरी आणि वाडा येथे मात्र कालपरवापर्यंत ग्रामपंचायत होती. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा द्यायचे धोरण राज्याने २०१४ च्या सुमारास घेतले आणि ही गावे नगरपंचायती झाली. नगरपंचायतीत सतरा प्रभाग आणि सतरा नगरसेवक असतात. रस्ते, दिवे, पाणी यांसाठी शहराचा निधी मिळतो. तालुक्याच्या ठिकाणाला याची गरज होतीच.

पण या बदलात एक गोष्ट नकळत निघून गेली. ग्रामपंचायत संपली की ग्रामसभाही संपते. पेसा हा पंचायतींचा कायदा आहे आणि नगरपंचायतीला तो लागू होत नाही. अनुसूचित क्षेत्रातल्या नगरपालिकांसाठी असाच वेगळा कायदा संसदेने करावा, अशी सोय घटनेत आहे. त्याचे विधेयक २००१ मध्ये मांडले गेले. ते मंजूर झाले नाही. मोठ्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असे ७४ वी घटनादुरुस्ती सांगते, पण ते तीन लाख आणि त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी. काही हजार वस्तीच्या मोखाड्याला त्याचा उपयोग नाही. असे करता करता या छोट्या शहरांच्या हद्दीतला पाडा दोन्हींच्या मध्ये पडला आहे. गावाची सभा गेली आणि शहराची समितीही नाही.

फरक नेमका काय पडला? ग्रामसभेची नोटीस सगळ्या गावासाठी असते आणि तिथे प्रत्येक मतदार बोलू शकतो, हात वर करू शकतो. नगरपंचायतीच्या सभेची नोटीस नगरसेवकांना जाते. सभा साधारणपणे लोकांना खुली असते, म्हणजे मागे बसून ऐकता येते. बोलायचा आणि मत द्यायचा अधिकार निवडून आलेल्या सतरा जणांचा. म्हणून शहराच्या हद्दीत आलेल्या पाड्यावर आता नगरसेवक पाड्यात येऊन काय सांगतो आणि लोक त्याला काय विचारतात, यावरच सगळे अवलंबून राहिले आहे.

आणि विचारण्यासारखे पुष्कळ आहे. घरपट्टी किती वाढणार, घर दुरुस्त करायला परवानगी लागणार का, ओढ्याकाठची जागा कशासाठी राखली. शहर झाले की विकास आराखडाही येतो. कोणत्या जमिनीवर रस्ता, कुठे बाग, कुठे बाजार, हे त्यात रंग भरून दाखवलेले असते. प्रारूप आराखडा राजपत्रात आणि वर्तमानपत्रात जाहीर होतो आणि हरकत घ्यायला ठरावीक दिवसांचीच मुदत असते. ती मुदत संपेपर्यंत ज्याला खबर मिळाली नाही, त्याला आपल्या वाडवडिलांच्या शेतावर आरक्षण पडल्याचे मोजणीवाले आल्यावरच कळते.

मुंबईकरांनी हे अनुभवले आहे

हे सगळे दूरचे वाटत असेल तर आपल्याच शहराकडे पाहा. मुंबईचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांनी तो उघडून पाहिला. कुठे वस्तीतून रस्ता काढलेला होता, कुठे वारसा म्हणून जपलेल्या वास्तूंची नोंदच नव्हती. वर्तमानपत्रांनी नकाशे समजावून सांगितले, वस्त्यांमध्ये सभा झाल्या आणि हरकतींचा पाऊस पडला. त्या हजारोंच्या संख्येने गेल्या. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडा नव्याने तपासून दुरुस्त करायला लावला आणि अखेर २०१८ मध्ये सुधारलेला आराखडा मंजूर झाला. मुंबईकर काही जास्त हुशार होते म्हणून हे घडले नाही. त्यांना वेळेत कळले आणि कळलेले समजावून सांगणारे लोक भेटले, म्हणून घडले.

उलट अनुभवही आपल्याला आला. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये मतदान होईपर्यंत कारभार प्रशासकांकडे होता. १८७३ मध्ये करदात्यांनी निवडलेले प्रतिनिधी पहिल्यांदा या शहराच्या महापालिकेत बसले. तेव्हापासून आपल्या कराच्या पैशाबद्दल उघड सभेत चर्चा होते आणि ती दुसऱ्या दिवशी छापून येते, ही मुंबईची सवय झाली होती. त्या काळात मात्र अर्थसंकल्प आयुक्तांनीच तयार करायचा आणि प्रशासक या नात्याने आयुक्तांनीच मंजूर करायचा, असे चालले. परळच्या एफ दक्षिण, दादरच्या जी उत्तर किंवा गिरगावच्या डी विभागात एखादे काम का थांबले हे विचारायला नगरसेवक नव्हता. कारभार चालू असतो, रस्ते होत असतात, पण आपल्याला कोणी काही सांगत नाही आणि आपणही कोणाला विचारू शकत नाही, ही अवस्था कशी असते ते आपण जवळजवळ चार वर्षे पाहिले. पाड्यावरचा माणूस ती पिढ्यानुपिढ्या पाहत आला आहे.

जिथे खबर पोचते

खबर पोचली आणि समजली तर काय होते, याचे महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गोंड वस्तीची. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या गावाबरोबर घेतली जातात. वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला आणि देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत त्याचे नाव गेले. २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला.

घोषणा सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्यामागची रीत कमी लोकांना ठाऊक आहे. मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचीही हरकत असेल तर विषय पुढच्या सभेपर्यंत थांबतो. अशी पद्धत चालवायची तर प्रत्येकाला विषय आधी कळलेला असावा लागतो. त्यासाठी गावात अभ्यास गट असतो. विषय जंगलाचा असो की दारूबंदीचा, त्याबद्दलची माहिती गोळा करायची, जाणकार माणसाला बोलवायचे, आपसांत चर्चा करायची आणि मग तो सभेपुढे न्यायचा. आधी अभ्यास आणि मग सभा, हा क्रम त्यांनी सोडला नाही. बाहेरचा मित्र म्हणून येणाऱ्याने माहिती द्यावी, निर्णय गावाने घ्यावा, ही मर्यादाही त्यांनी पहिल्यापासून आखली. आपल्यासारख्या बाहेरून मदत करणाऱ्यांनी ती मनात ठेवण्यासारखी आहे.

खबर देण्याची चांगली रीत

अनुभवातून काही साध्या गोष्टी निघतात. त्यांना फारसा पैसा लागत नाही, नेटाने करत राहावे मात्र लागते.

खबर तिथे लावावी जिथे माणसे जातात. रेशन दुकान, अंगणवाडी, आश्रमशाळा, दवाखाना, पाणवठा आणि आठवडे बाजार या जागा कार्यालयाच्या भिंतीपेक्षा जास्त उपयोगी आहेत. बाजाराच्या दिवशी दिलेली दवंडी दहा पाड्यांत पोचते. फोनवरच्या गटात नोटीस टाकणे चांगलेच, पण डोंगराआड रेंज नसते आणि फोन घरातल्या पुरुषाच्या खिशात असतो, हे विसरू नये. म्हणून महिला बचत गटाच्या बैठकीत ती खबर तोंडी सांगितलीच पाहिजे.

खबर बोलीत सांगावी. दहावी झालेली पाड्यावरची मुलगी नोटीस वाचून आजीला तिच्या भाषेत सांगू शकते. ही मुलगीच आपली खरी दवंडी आहे. तिला नोटीस कशी वाचायची, विषयपत्रिकेतला कोणता शब्द कशासाठी आहे, एवढे शिकवले तरी पुष्कळ झाले.

स्थलांतर लक्षात घेऊन सभा मागून घ्यावी. चार सभा ही किमान संख्या आहे आणि जास्त घ्यायला कोणाची मनाई नाही. दिवाळीनंतर माणसे निघण्यापूर्वी एक आणि जूनमध्ये परत आल्यावर एक, अशा दोन सभा पाड्याने मागितल्या तर वर्षाचा आराखडा आणि वर्षाचा हिशोब दोन्ही सगळ्यांसमोर होतील.

सभा झाल्यावर काय ठरले, ते परत येऊन सांगावे. हे नेहमी राहून जाते. सभेला न आलेल्या माणसाला ठराव कळला नाही तर पुढच्या सभेला तो येत नाही. ठराव सभेतच वाचून दाखवावा, मगच सही किंवा अंगठा घ्यावा आणि त्याची प्रत पाड्यावर एका जागी ठेवावी.

मागण्याचा अधिकार वापरावा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सांगते की कार्यालयांनी माहिती मागायची वाट न पाहता ती आपणहून द्यावी आणि देताना स्थानिक भाषा व त्या भागात चालणारे परिणामकारक साधन वापरावे. सूचना फलक आणि जाहीर घोषणा यांचा त्यात उल्लेख आहे. हे ग्रामपंचायतीला जसे लागू आहे, तसेच नगरपंचायतीलाही लागू आहे. ग्रामसभा गेलेल्या छोट्या शहरातल्या पाड्यांसाठी हे कलम हाच मोठा आधार आहे. नगरसेवकाने सभेच्या आधी प्रभागात बसून विषय सांगावेत आणि सभेनंतर येऊन निर्णय सांगावेत, ही प्रथा लोकांनी आग्रहाने पाडून घ्यावी. प्रथा पाडायला कायदा लागत नाही.

आपण काय करू शकतो

मुंबईत राहून करता येण्यासारखे यात पुष्कळ आहे. ग्रामपंचायतींचे आराखडे आणि खर्च केंद्र सरकारच्या ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर पाहायला मिळतात. आपल्यापैकी जे निवृत्त बँक कर्मचारी आहेत, महापालिकेत किंवा मंत्रालयात ज्यांनी फायली हाताळल्या आहेत, त्यांना हे आकडे वाचायची सवय आहे. एकेका ग्रामपंचायतीचा वर्षाचा हिशोब एका पानावर साध्या मराठीत उतरवून पाड्यावरच्या तरुणांना दिला, तर ती कपड्यांच्या गाठोड्याइतकीच मोलाची मदत ठरेल. शिक्षक असलेल्या वाचकांनी सुटीत चार दिवस जाऊन मुलामुलींना नोटीस आणि ठराव वाचायला शिकवावे. राजपत्रातल्या आणि वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचना मुंबईत सहज पाहता येतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी किंवा वाडा यांपैकी कोणाच्या आराखड्याची, हद्दवाढीची किंवा भूसंपादनाची सूचना दिसली तर ती त्याच दिवशी कार्यकर्त्यांना कळवावी. हरकतीच्या मुदतीतला एकेक दिवस मोलाचा असतो.

यात एक पथ्य पाळायचे. सभेत काय ठरावे हे आपण सांगायचे नाही. विहीर आधी की समाजमंदिर आधी, हा निर्णय पाड्याचा. तो आपल्याला पटला नाही तरी तो त्यांचाच राहिला पाहिजे. आपले काम एवढेच, की निर्णय घेताना त्यांच्यापुढे पूर्ण माहिती असावी आणि सभा कधी आहे हे सगळ्यांना ठाऊक असावे.

आणखी एक काम अगदी घराजवळचे आहे. मुंबईतल्या इमारतींच्या कामांवर आणि आसपासच्या वीटभट्ट्यांवर पाड्यांतली माणसे हिवाळाभर राबत असतात. त्यांच्या गावात २६ जानेवारीला सभा भरते आणि त्यांचे मत त्यात नसते. लालबागच्या गावकीच्या खोलीत पोस्टकार्ड यायचे, तशी खबर या माणसांपर्यंत यायला हवी. आता तर एका फोनने ती येऊ शकते. अशा कोणाशी आपली ओळख असेल, तर गावाकडची चौकशी करताना एवढे जरूर विचारा: ‘तुमच्या गावची पुढची ग्रामसभा कधी आहे?’ त्यांना माहीत नसेल तर आपल्या कार्यकर्त्यांना विचारून त्यांना कळवा.